देव ईर्ष्यावान चालतो, मग माझ्या जळफळाटाचंच कुमसार (पापांची कबुली) का?

आबोली_बार्देश (धागालेखिका)

नमस्कार. तीनेक वर्षं इथे वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण घरात बोलायला कोणी नाही. नवरा बोटीवर, मे महिन्यात येईल. सासूबाईंना सांगावं तर त्या अर्धं ऐकून घ्यायच्या आतच मीठ-मिरच्या घेऊन माझी दिश्ट काढायला बसतील, आणि गंमत म्हणजे या खेपेला नजर माझीच दुसऱ्याला लागलीय.

थोडक्यात सांगते (थोडक्यात होणार नाही). मी मूळची सावंतवाडीची, शाळा मराठी, त्यामुळे मनातलं लिहायचं तर मराठीतच जमतं. लग्न होऊन बार्देशात आले त्याला एकोणीस वर्षं झाली आणि जवळजवळ तेवढीच वर्षं इगर्जेच्या (चर्चच्या) कोरात गातेय. कोरेजमात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्याकडे सान्तुस पासुसची मिरवणूक निघते. खांद्यावर क्रूस घेतलेल्या जेजूची (येशूची) मूर्ती, सोबत मोतेतं म्हणजे कोरेजमातली भक्तिगीतं, व्हायोलिन, क्लॅरिनेट, आणि मध्येच एकजण व्हेरोनिका होऊन उंचावर उभी राहते, हातातलं कापड हळूहळू उलगडते ज्यावर जेजूचा चेहरा उमटलेला असतो, आणि एकटी लॅटिनमधून गाते, 'ओ वोस ओम्नेस'. सगळा गाव गप्प उभा असतो. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. अकरा वर्षं ती व्हेरोनिका मी होते.

यंदा नाही. मडगावहून एक मुलगी लग्न होऊन आमच्या वाड्यावर आलीय, पंचविशीची असेल, गाणं रीतसर शिकलेली, आवाज असा की पहिल्याच प्रॅक्टिसला पेटीवाले काका थांबून ऐकत राहिले. तिला व्हेरोनिका दिली. मला कोणी काही बोललं नाही, मीही नाही बोलले. फक्त घरी येऊन पाद्र विगाराला, म्हणजे आमच्या इगर्जेच्या मुख्य पाद्रीला, दोन पानी चिठ्ठी लिहिली की माइकवर गाणं बरोबर नाही, ती गळ्यातून हरकती घेते, आमच्या दिवंगत मेस्तांनी (कोरच्या गुरुजींनी) बसवलेली चाल बिघडतेय, हे प्रार्थनेसारखं नाही कॉन्सर्टसारखं वाटतं, वगैरे वगैरे, आणि खाली सही करताना 'परंपरेच्या आस्थेपोटी'. पाद्रनी वाचली, घडी घातली आणि एवढंच विचारलं, "बाय, माइक तर गेल्या वर्षीपण होता मगो?"

गेल्या वर्षी माइकसमोर मी होते.

त्याच्या पुढच्या आयताराला वाचनं अशी आली की मला वाटलं मुद्दाम माझ्यासाठीच लावलीत (तसं नसतं, तीन वर्षांचं ठरलेलं चक्र आहे, यंदा त्यातलं दुसरं वर्ष). पहिलं वाचन दहा आज्ञांचं. त्यात देव स्वतःच सांगतो की मी ईर्ष्यावान देव आहे, आणि शेवटी म्हणतो शेजाऱ्याच्या कशाचा लोभ धरू नकोस. मग शुभवर्तमान योहानाचं, जेजू दोऱ्यांचा आसूड करून देवळातल्या सराफांची मेजं उलथून टाकतो आणि शिष्यांना स्तोत्रातली ओळ आठवते, तुझ्या मंदिराविषयीचा आवेश मला ग्रासून टाकील. मीस (रविवारची उपासना) कोंकणीत होती पण मी घरी येऊन मराठी बायबल काढून दोन्ही परत वाचलं.

तर प्रश्न हा की देव ईर्षा करतो तर ती पवित्र, जेजू मेजं उलथतो तर तो आवेश, आणि मी एक चिठ्ठी लिहिली तर ते कुमसारात सांगायचं पाप. फरक नेमका कुठे असतो? माझी चिठ्ठी शंभर टक्के खोटी होती असं मला अजूनही वाटत नाही. ती खरंच हरकती घेते हो.

शिगमो१९

फेस्ताचं खाजं घेऊन बसलोय. चालू द्या.

साखळीची_सून

ताई, आधी तुम्हाला मिठी. आमच्या भजनी मंडळात गेल्या गणपतीला अगदी हेच, फक्त व्हेरोनिकाच्या जागी 'पहिला अभंग कोण म्हणणार'. मी पण शुद्ध रागाचा मुद्दा काढला होता. भूपात वर्ज्य असलेला मध्यम. एवढंच सांगते की चूक होती, पण मी ती ऐकण्यासाठी कान टवकारून बसले होते आणि सापडल्यावर मला आनंद झाला. दुसऱ्याचा सूर चुकल्याचा आनंद! नंतर दोन दिवस स्वतःचीच किळस आली.

आपल्याकडे षड्रिपूंत मत्सर सगळ्यात शेवटी येतो, काम क्रोध लोभ मोह मद आणि मग मत्सर. लहानपणी वाटायचं शेवटचा म्हणजे सगळ्यात किरकोळ असेल.

अर्धवट_पाद्री

आयडीवरून कळलं असेलच, राशोलच्या सेमिनारीत (पाद्री घडवतात तिथे) काही वर्षं काढून बाहेर पडलेला माणूस आहे, त्यामुळे जे सांगतो ते अर्धवट समजून घ्या.

आबोलीताई, तुमची अडचण निम्मी भाषेची आहे. जुन्या करारात जिथे 'ईर्ष्यावान' आलंय तिथे हिब्रू शब्द 'किनआ' या कुळातला आहे आणि जिथे 'आवेश' आलंय त्या स्तोत्रातही तोच शब्द. ग्रीकमध्ये त्याचं 'झेलॉस' झालं. म्हणजे तुम्ही त्या आयताराला जी दोन वाचनं ऐकलीत ती मुळात एकाच शब्दावर उभी आहेत. मराठी भाषांतरकाराला जागा बघून कुठे ईर्षा, कुठे आवेश, कुठे हेवा, कुठे आस्था असं वाटून द्यावं लागलं. तुमच्या चिठ्ठीखालची 'आस्था'पण त्याच पोत्यातली. हिब्रूत एक सोय आहे, बहुतेक ठिकाणी मागच्या अव्ययावरून कळतं की ही ईर्षा कोणा'वर' आहे की कोणा'साठी'. योसेफाचे भाऊ योसेफावर जळतात. एलिया संदेष्टा परमेश्वरासाठी जळतो. क्रियापद तेच.

थॉमस अक्वायनसनं (तेराव्या शतकातला, सेमिनारीत याच्यापासून सुटका नसते) याचा छडा चांगला लावलाय. तो म्हणतो झेलॉस हा द्वेषातून नाही, प्रेमाच्या तीव्रतेतून येतो. कशावर जीव जडला की त्याच्या आड येणारं सहन होत नाही. आता प्रेम दोन तऱ्हेचं. एक म्हणजे ती वस्तू मला हवी. मग जो कोणी ती घेईल किंवा माझ्याबरोबर वाटून घेईल तो वैरी, संशयी नवरा आणि खुर्चीवाला माणूस दोघे इथलेच. दुसरं म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं. मग त्याच्या भल्याच्या आड जे येईल त्यावर राग. देवाची ईर्षा ही दुसऱ्या जातीची असं तो धरतो, कारण देवाला कमी काय आहे म्हणून तो जळेल? इस्राएल मूर्तींच्या मागे गेलं तर देवाचं काही जात नाही, इस्राएलचं जातं.

आणि हेवा, ज्याला लॅटिनमध्ये इन्व्हिदिया म्हणतात, तो वेगळाच प्राणी. त्याची व्याख्या एका ओळीत आहे: दुसऱ्याच्या चांगल्याचं दुःख. पण थॉमस तिथे थांबत नाही, तो म्हणतो दुसऱ्याच्या चांगल्याचं दुःख चार कारणांनी होऊ शकतं आणि चारांपैकी एकच हेवा. शत्रू बळावला, आता तो मला त्रास देईल, हे नुसतं भय. त्याच्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, मीही मिळवीन, ही चुरस, आणि चुरस चांगल्या गुणाची असेल तर उलट कौतुकाची. लायकी नसलेल्याला मिळालं म्हणून चडफड, हा तिसरा, ॲरिस्टॉटलला तो चालत होता पण थॉमसला नाही चालत. आणि चौथा, त्याचं चांगलं हे माझ्या चांगल्याहून वरचढ झालं, म्हणून मी लहान दिसतो, म्हणून दुःख. हा हेवा.

तुम्ही हे दुसऱ्या नंबरचं म्हणून सुरू केलंत, चिठ्ठीत तिसऱ्याचं लिहिलंत आणि पाद्रनी चौथ्यावर बोट ठेवलं.

आबोली_बार्देश

@अर्धवट_पाद्री, शेवटचं वाक्य वाचून मोबाइल उलटा ठेवून दिला आणि भांडी घासून आले.

बरोबर आहे. पण एक सांगा, तिला लायकी नाही असं मी चिठ्ठीत कुठेही म्हटलं नव्हतं, मी चालीबद्दलच लिहिलं.

अर्धवट_पाद्री

तीच तर गंमत आहे ताई. हेवा स्वतःच्या नावानं कधी येत नाही. रागावलेला माणूस सांगतो मी रागावलोय, खादाड माणूस सांगतो मला भूक आवरत नाही. मला हेवा वाटतो असं सांगणारा माणूस मी कुमसाराच्या रांगेत काय, दारूच्या टेबलावरपण बघितला नाही (तुम्ही पहिल्या). तो कायम दुसऱ्याचा झगा घालून येतो आणि आवेशाचा झगा त्याला फार छान बसतो.

सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेल्या ग्रेगरीनं मोठ्या पापांची यादी बसवली त्यात हेवा घेतला. त्याच्या आधी चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियसची आठ दुष्ट विचारांची यादी होती, तीत हेवा नाहीच. माझा आपला अंदाज, इव्हाग्रियस इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, तिथे कोर नव्हता. ग्रेगरीनं हेव्याची पिलावळही दिलीय: द्वेष, कुजबुज, निंदा, शेजारी बुडाला की आनंद, शेजारी वर आला की दुःख. साखळीच्या वहिनींचा भूपातला मध्यम त्यातला चौथा.

साखळीची_सून

माझ्यावर का घसरलात! पण खरंय.

नगरी_वास्को

मी नगरकडचा, आमचं घराणं मिशनच्या वेळेपासून प्रोटेस्टंट, नोकरीमुळे वास्कोत. एक बारीक गोष्ट जोडतो. तुमच्या कॅथलिक मोजणीत लोभाच्या आज्ञा दोन, नववी आणि दहावी, आमच्यात ती सगळी मिळून एकच दहावी, मूर्तीची मात्र वेगळी दुसरी. तो भाग सोडा.

महत्त्वाचं हे की करिंथकरांच्या पहिल्या पत्रात बाराव्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल म्हणतो श्रेष्ठ कृपादानांची उत्कट इच्छा बाळगा, आणि पुढे चारच ओळींवर, लग्नात वाचतात तो तेरावा अध्याय, प्रीती हेवा करत नाही. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. चौदाव्याच्या पहिल्या ओळीत परत तेच. म्हणजे अक्षरशः 'जळा' आणि 'प्रीती जळत नाही' आणि परत 'जळा'. आणि हे सगळं लिहिलंय कुठल्या मंडळीला? जिथे कोणाला कुठलं दान मिळालं, कोण भाषा बोलतो, कोण संदेश देतो यावरून भांडणं लागली होती त्या. थोडक्यात तुमच्या कोरालाच पत्र आहे ते.

काजूबोंडू

शाळेत मराठी शिकवतो, ख्रिस्ती धर्मातलं फारसं कळत नाही, पण शब्दावरून राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे म्हणताय की हिब्रूत एक शब्द आणि मराठीत चार, पण जरा कान देऊन बघा. मराठीत 'ईर्षा' कशी वापरतो आपण? 'पोरं ईर्षेनं खेळली', 'तो ईर्षेला पेटला आणि बोर्डात आला'. कोणी असं म्हटलं तर ती शिवी वाटते का? नाही! उलट ज्याच्यात ईर्षा नाही तो थंड गोळा. त्याच शब्दानं 'त्याला भावाची ईर्षा वाटते' हेही आपण म्हणतो. म्हणजे भाषांतरकारानं ईर्ष्यावान लिहिलं ते अगदीच वाईट नाही, आपल्याकडेही आग एकच आहे, चुलीत आहे की छपरावर एवढाच प्रश्न.

संस्कृतात अजून एक बारकावा आहे. ईर्षा म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणं आणि असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणात दोष काढणं. आबोलीताईंची चिठ्ठी ही असूया. व्याकरणाच्या दृष्टीनं बोलतोय, राग मानू नये.

आबोली_बार्देश

आज सगळे मला तपासायलाच बसलेत. चालू द्या, मीच धागा काढला.

तिस्क_फोंडा

इतका वेळ गप्प होतो. सगळं गोड चाललंय, हेवा वाईट, आवेश चांगला, फक्त ओळखता आला पाहिजे. माफ करा पण गोव्यात बसून हे बोलताना थोडं भान ठेवा. आमची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्णेहून म्हार्दोळला. हे हेव्यानं झालं नाही. आवेशानं झालं. पोर्तुगीज पाद्रींना आमच्या देवांचा हेवा नव्हता हो, त्यांना त्यांच्या देवासाठी तळमळ होती, तुमच्या भाषेत 'कोणासाठी' वाली, चांगली वाली. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियरनंच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) मागितलं, १५६० मध्ये ते आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिलं. १७३६ च्या फर्मानात तर दारातली तुळस आणि लग्नातल्या ओव्यासुद्धा आल्या. दोन पानी चिठ्ठीच ती, फक्त खाली शिक्का होता.

हेवेखोर माणूस निदान आपलं तोंड लपवतो. आवेशवाल्याला तर वाटतं आपण उपकार करतोय.

शिगमो१९

खाजं खाली ठेवलं.

संपादक_मंडळ

धागा विषयावर राहू द्या, कृपया त्याचं काश्मीर करू नका. वरचा प्रतिसाद विषयाला धरून आहे म्हणून ठेवला आहे. यापुढे जो तो आपापल्या पूर्वजांबद्दल बोलेल, दुसऱ्याच्या नाही.

अर्धवट_पाद्री

@तिस्क_फोंडा, मी वाद घालणार नाही कारण तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. एवढंच की ते पत्र लिहिताना झेवियरच्या डोळ्यांसमोर हिंदू नव्हते, बाप्तिस्मा घेऊन गुपचूप यहुदी किंवा मुसलमान रीती पाळणारे होते, आणि इन्क्विझिशन आलं तेव्हा त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. यानं तुळस परत येत नाही, मान्य.

पण ही भीती बाहेरून आणलेली नाही, ती बायबलमध्येच आहे. पौल रोमकरांना लिहितो की माझ्या लोकांना देवाविषयी आस्था आहे पण ती ज्ञानाला धरून नाही. हे त्याला कसं ठाऊक? तो स्वतःबद्दल सांगतो की आवेशापायी मी ख्रिस्ती मंडळीचा छळ केला. म्हणजे नव्या करारातला हा आवेशाचा सगळ्यात मोठा जाणकार आधी त्याचा गुन्हेगार होता. थॉमसनंही लिहून ठेवलंय की ज्यांनी कधी श्रद्धा स्वीकारलीच नाही त्यांच्यावर जबरदस्ती करू नये, कारण विश्वास ठेवणं हे इच्छेवर आहे. (पाखंडी लोकांबाबत तो एवढा उदार नव्हता, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शोधून काढाल.) आणि बाराव्या शतकातला बर्नार्ड, ज्यानं ज्ञानाशिवायचा आवेश सोसवत नाही असं प्रवचनात सांगितलं, त्यानंच ११४६ मध्ये दुसऱ्या क्रुसेडसाठी (धर्मयुद्धासाठी) लोक उठवले. माहीत असणं आणि स्वतःला लागू करणं यात एवढं अंतर असतं.

सेमिनारीत असताना मला एलियाची गोष्ट यासाठी फार आवडायची. तो गुहेत बसून दोनदा तेच सांगतो, मी परमेश्वरासाठी फार ईर्ष्यायुक्त झालोय, मी एकटाच उरलोय. देव त्याला शाबासकी देत नाही. सांगतो की अजून सात हजार आहेत, जा, तुझ्या जागी अलीशाला अभिषेक कर. 'मी एकटाच' सुरू झालं की समजावं आग छपराला लागली.

तिस्क_फोंडा

'तुझ्या जागी' हे आवडलं. बाकी पटलं असं नाही, पण उत्तर सरळ दिलंत त्याबद्दल आभार. आमच्याकडे देवळाच्या महाजनकीवरून कोर्टात गेलेले लोकही देवाच्या तळमळीनंच गेलेत, तेही इथे नोंदवून ठेवतो म्हणजे हिशेब बरोबर.

लिसेवकार

मी वयानं ऐंशीच्या पुढे, शिक्षण पोर्तुगीज काळात लिसेवमध्ये, टायपायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

फोंड्याचे गृहस्थ बोलले त्यात मला राग येण्यासारखं काही नाही, ते माझेही पूर्वज आहेत, दोन्हीकडचे. पण एक नाव राहिलं. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेला जुझे वाझ. सिलोनमध्ये डच लोकांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली, कोणी जायला तयार नाही, हा १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, अनवाणी गेला. कँडीत पोर्तुगीज हेर म्हणून राजानं कैदेत टाकला. पुढे देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा यानं केली, कोण कुठल्या धर्माचा हे न विचारता. १७११ मध्ये तिकडेच गेला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनं कोलंबोला त्याला संत जाहीर केलं. हाही आवेशच. त्याच्या हातात सत्ता नव्हती हा मुद्दा आहे, हे मी स्वतःच सांगतो, फोंडेकरांनी सांगण्याआधी.

आता बायसाठी. पोर्तुगीजमध्ये त्या झेलॉसच्या लॅटिन रूपाची दोन मुलं झाली. एक सियूम, नवरा-बायकोतला संशय. दुसरा झेलु. आणि झेलुवरून झेलादोर. झेलादोर म्हणजे कोण माहीत आहे? इमारतीची, देवळाची निगा राखणारा. दिवे बघतो, गळकं छप्पर बघतो, कुलूप लावतो. आवेश म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आसूड येतो, माझ्या डोळ्यांपुढे किल्ल्यांचा जुडगा येतो.

आणि हेव्याला इन्वेजा, तो जुन्या इन्व्हिदियातून आला, ज्यात 'बघणं' आहे, वाकड्या नजरेनं बघणं. म्हणून इटालियन कवी दांतेनं शुद्धिस्थानात हेवेखोरांचे डोळे तारेनं शिवलेले दाखवलेत. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही उशिरा आलेल्यांना सारखीच मजुरी देणारा मालक कुरकुरणाऱ्या मजुरांना विचारतो ते मूळ ग्रीकमध्ये असं आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट का? बायची सासू मीठ-मिरच्या घेऊन बसते ती तशी अगदीच अडाणी नाही. फक्त दिश्ट ज्याला लागते त्याची काढतात, ज्याची लागते त्याची काढायला हवी.

साखळीची_सून

काका!! शेवटचं वाक्य मंडळात वाचून दाखवणार.

अवांतर: पतंजलीच्या योगसूत्रात सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद असं सांगितलंय. योगाच्या क्लासला हे दर शनिवारी ऐकते आणि खाली येऊन स्कूटर काढताना कोणाची नवी गाडी आहे ते बघते.

अर्धवट_पाद्री

अवांतर अजिबात नाही वहिनी. थॉमस म्हणतो हेव्याच्या बरोबर उलट दया आहे, कारण दयाळूला शेजाऱ्याच्या वाईटाचं दुःख होतं आणि हेवेखोराला शेजाऱ्याच्या चांगल्याचं. दोघांनाही दुःखच होतं, तोंड तेवढं उलट्या दिशेला.

नगरी_वास्को

योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचे शिष्य त्याच्याकडे तक्रार घेऊन येतात ना, की तो पलीकडचा बाप्तिस्मा देतोय आणि सगळे त्याच्याकडे चाललेत. तेव्हा योहान म्हणतो त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा. भिंतीवर लावायला सोपं आहे. बारा वर्षं संडेस्कूल मी चालवलं, मग एका तरुण जोडप्याकडे दिलं, ते माझ्यापेक्षा चांगलं चालवतात, पोरं दुप्पट झालीत, आणि मी अजून अधूनमधून जाऊन खुर्च्या नीट लावल्यात का ते बघतो.

शिगमो१९

झेलादोर.

आबोली_बार्देश

चार दिवस आले नाही, सॉरी. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, तिस्क_फोंडांचे पण.

काकांची ती किल्ल्यांची गोष्ट डोक्यातून जात नव्हती कारण किल्ली खरंच माझ्याकडे आहे. मेस्त जायच्या आधी त्यांनी मोतेतांची हातानं लिहिलेली वही मला दिली होती, कपाटात आहे. 'ओ वोस ओम्नेस' त्यात तीन पानांवर आहे, कुठे सावकाश, कुठे आवाज सोडायचा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. मी चिठ्ठीत लिहिलं की ती मेस्तांची चाल बिघडवतेय. तिला मेस्तांची चाल कोणी दाखवलीच नव्हती. ज्या एका माणसाकडे ती होती तो माणूस चिठ्ठी लिहीत बसला होता.

अजून एक. त्या गाण्याचे शब्द विलापगीतातले आहेत, रस्त्यानं जाणारे तुम्ही सगळे, थांबा आणि बघा, माझ्या दुःखासारखं दुसरं दुःख आहे का. अकरा वर्षं गायले. दुसऱ्याच्या दुःखाचं आहे म्हणून गायले. यंदा प्रॅक्टिसला मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि सगळे शब्द माझ्या स्वतःबद्दल ऐकू येत होते, आणि दुःख कसलं तर तिचा वरचा सूर न थरथरता लागला याचं. तिथेच हसू आलं, बाजूच्या बाईनं कोपर मारलं.

कुमसार करून आले. पाद्रनी प्रायश्चित्त साधंच दिलं, ते सांगत नाही. वही नेऊन दिली असं लिहायला आवडलं असतं पण दिली नाही. व्हॉट्सॲपवर तिला पानांचे फोटो पाठवले. दोन पानांचे. तिनं लगेच हात जोडलेले पाठवले आणि विचारलं, मावशी, अजून आहे का पुढे?

मावशी!

शिगमो१९

मावशी म्हणाली म्हणजे गेम ओव्हर.

लिसेवकार

बाय, तिसरं पान.

आबोली_बार्देश

पाठवते हो काका. तिसऱ्या पानावर मेस्तांनी श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण केलीय, छोटा पक्षी काढल्यासारखी, माझ्यासाठी काढली होती कारण मला ती ओळ एका दमात कधी जमली नाही. तिला जमते. प्रॅक्टिसला ऐकलंय मी, ती ओळ ती सलग घेते. तिला त्या खुणेची गरजच नाहीये, आणि खरं सांगू का, पाठवताना बोट अडतंय ते तिथेच.